मिल्लच्या लेखणींतील भागीदारीण

आपल्याकडील सुधारणावादाचा इतिहास सांगतांना मिल्ल आणि स्पेन्सर हीं दोन नांवें अगदीं जोडीनें येतात. आगरकरांच्या पिढीनें या दोघांना गुरुस्थानीं मानलें, आणि पुढेंहि कॉलेजांत तत्त्वज्ञान किंवा अर्थशास्त्र शिकणाऱ्यांच्या हातांतून मिल्लचें एखादें तरी पुस्तक जात राहिलें. परीक्षेसाठीं वाचणारा विद्यार्थी 'ऑन लिबर्टी' उघडतो तो सरळ पहिल्या प्रकरणावर जातो. त्याच्या आधींचें एक पान तो सहज उलटून टाकतो. तें पान अर्पणपत्रिकेचें आहे. आपल्या दिवंगत पत्नीविषयीं लिहितांना मिल्लनें तेथें स्पष्ट म्हटलें आहे कीं, कित्येक वर्षांच्या इतर लेखनाप्रमाणें हें पुस्तकहि जितकें माझें तितकेंच तिचें आहे. ग्रंथकार पत्नीला ग्रंथ अर्पण करतात त्यांत नवल नाहीं. पण अर्पण करतांना कर्तृत्वच वांटून देणारा ग्रंथकार विरळा. आणि त्याहून विरळा गोष्ट ही कीं, त्यानें स्वखुषीनें केलेली ही वांटणी जगानें जवळजवळ शंभर वर्षें मान्य केली नाहीं.

ती कां केली नाहीं, याचा शोध घेऊं लागलें म्हणजे आपण एका प्रेमकथेंत जाऊन पोंचतों. 'प्रेमकथा' हा शब्द येथें जरा बिचकतच वापरावा लागतो. तिचा नायक तर्काच्या शाळेंत वाढलेला, ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत खर्डे घालणारा. नायिका औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याची बायको, दोन मुलग्यांची आई. आणि दोघांचाहि स्वभाव असा कीं, त्यांच्याशीं चार दिवस सुखानें राहणें कोणाहि तिऱ्हाइताला जड जावें.

जॉन स्टुअर्ट मिल्ल १८०६ सालीं लंडनमध्यें जन्मला. त्याचा बाप जेम्स मिल्ल म्हणजे हिंदुस्थानांत एकदांहि पाऊल न टाकतां हिंदुस्थानचा भलामोठा इतिहास लिहून १८१७ मध्यें प्रसिद्ध करणारा गृहस्थ. या बापानें मुलाला शाळेंत घातलें नाहीं. घरींच तिसऱ्या वर्षीं ग्रीक, आठव्या वर्षीं लॅटिन, आणि मग तर्कशास्त्र व अर्थशास्त्र, असा विद्येचा रतीब घातला. मुलगा सतरा वर्षांचा झाला तेव्हां, म्हणजे १८२३ मध्यें, त्याला आपल्याच हाताखालीं इंडिया हाउसमध्यें चिकटवून दिलें. तेथें तो पुढें पस्तीस वर्षें राहिला, आणि आपल्याकडील संस्थानिकांसंबंधीं कंपनीचा पत्रव्यवहार कित्येक वर्षें याच मनुष्याच्या मेजावरून होत गेला. बापाप्रमाणें त्यानेंहि हा देश पाहिला नाहीं.

वयाच्या विसाव्या वर्षीं या तयार केलेल्या बुद्धीला तडा गेला. ज्या सुधारणांसाठीं आपण झटतों त्या सर्व या क्षणीं घडून आल्या तर आपण सुखी होऊं काय, असा प्रश्न त्यानें स्वतःस विचारला आणि आंतून 'नाहीं' असें उत्तर आलें. कित्येक महिने तो खिन्नतेंत बुडून राहिला. पुढें एका फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचतांना बापाच्या मरणाचा प्रसंग आला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहिलें. तेव्हां कोठें, आपण अजून दगड झालों नाहीं, अशी त्याची खात्री पटली. हें सारें त्यानेंच आत्मचरित्रांत लिहून ठेवलें आहे. आपल्या अश्रूंचा पुरावा तपासून समाधान पावणारा हा मनुष्य प्रेमांत पडणार कसा, हा प्रश्न त्याच्या मित्रांनाहि पडला असल्यास नवल नाहीं.

हॅरिएट हार्डी ही एका शस्त्रवैद्याची मुलगी, जन्म १८०७ चा. अठराव्या वर्षीं तिचें लग्न जॉन टेलर याच्याशीं झालें. टेलर तिच्याहून दहाएक वर्षांनीं मोठा, सुखवस्तु, सज्जन आणि उदार मतांचा होता. त्याच्यांत दोष एकच होता, आणि तो दोष म्हणावा कीं काय हेंहि कठीणच. तिच्या डोक्यांत चाललेल्या प्रश्नांशीं त्याला कांहीं कर्तव्य नव्हतें. हीं मंडळी युनिटेरियन पंथाची. त्यांचा धर्मोपदेशक फॉक्स हा एक मासिक चालवी आणि हॅरिएट त्यांत परीक्षणें व कविता लिही. १८३० सालीं टेलरच्या घरीं एक जेवण झालें. फॉक्स, लेखिका हॅरिएट मार्टिनो, मिल्लचा मित्र रोबक आणि खुद्द मिल्ल अशीं मंडळी पानावर होतीं. फॉक्सनेंच ही भेट मुद्दाम जुळवून आणली, असें सांगतात.

पुढील दोनतीन वर्षांत दोघांनीं जी देवघेव केली ती प्रेमपत्रांची कमी आणि निबंधांची अधिक. विवाह आणि घटस्फोट या विषयावर त्यांनीं एकमेकांसाठीं एक एक टिपण लिहिलें. मिल्लचें लांब, तोलून मापून केलेलें. घटस्फोटाची मोकळीक असावी हें कबूल करूनहि मुलांचें काय, उतावळ्या लग्नांचें काय, याचा सावध विचार करणारें. हॅरिएटचें आंखूड आणि धारदार. स्त्रियांना शिक्षण व पोट भरण्याचें साधन द्या, मग विवाहासंबंधीं कायदेच कशाला हवेत, असा तिचा सरळ सवाल. हीं टिपणें छापून येण्यास १९५१ साल उजाडलें. परंतु या दोघांचें पुढील सर्व नातें त्यांत दिसतें. ती झेप घेई, आणि तो पाठीमागून तिच्या झेपेला पायऱ्या बांधीत येई.

१८३३ मध्यें गोष्टी हातघाईवर आल्या. टेलरनें कांहीं काळ वेगळें राहून पाहण्याचें सुचविलें. हॅरिएट पॅरिसला गेली आणि मागोमाग मिल्लहि तेथें पोंचला. पण शेवटीं ती परतली आणि एक अपूर्व तडजोड ठरली. ती टेलरची पत्नी म्हणूनच जगासमोर राहावयाची, मिल्लनें तिला भेटावयाचें, आणि तो घरीं जेवावयास येई त्या संध्याकाळीं टेलरनें आपल्या क्लबांत जाऊन जेवावयाचें. पुढें ती बहुतेक काळ लहानग्या हेलनसह खेडेगांवांतल्या वेगळ्या घरींच राहिली. अशीं जवळजवळ सोळा वर्षें गेलीं. आमचा संबंध गाढ स्नेहाचा आणि विश्वासाचा होता, त्यापलीकडे नव्हता, असें मिल्लनें पुढें लिहिलें, आणि तें खोटें मानण्यास कारण नाहीं. या कथेंत सर्वांत मोठें मन कोणाचें, असें कोणी विचारल्यास आम्ही तरी त्या औषधविक्याचें नांव घेऊं. तत्त्वज्ञान न वाचतां त्यानें पत्नीच्या स्वातंत्र्याचें तत्त्व रोज संध्याकाळीं घराबाहेर पडून पाळलें.

जगानें मात्र व्हावयाचा तो गवगवा केला. रोबकनें जुन्या मैत्रीच्या हक्कानें मिल्लला इंडिया हाउसमध्यें गांठून चार शब्द सांगितले. त्या दिवसापासून ती मैत्री संपली. कार्लाइल तिला 'प्लॅटॉनिका' म्हणून चिडवी. त्याच्याच घरचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासाचा पहिला भाग हातानें लिहून त्यानें तो मिल्लला वाचावयास दिला होता. ६ मार्च १८३५ च्या संध्याकाळीं मिल्ल पांढराफटक पडलेल्या चेहऱ्यानें त्याच्या दारांत उभा राहिला, आणि बाहेर गाडींत हॅरिएट बसलेली. हीं दोघें पळून चाललीं आणि निरोप घ्यावयास आलीं, असेंच कार्लाइलच्या बायकोस प्रथम वाटलें! खरी गोष्ट वेगळीच होती. तें हस्तलिखित रद्दी समजून मोलकरणीनें चुलींत घातलें होतें. मिल्लनें दोनशें पौंड भरपाई देऊं केली, कार्लाइलनें शंभर घेतले आणि सारा भाग पुन्हां लिहून काढला. त्या आगीचा ठपका कांहीं लोकांनीं पुढें हॅरिएटवरच ठेवला. तिच्यावर कांहींहि खपे.

या कुजबुजीनें दोघेंहि अधिकाधिक आंत वळलीं. मुळांतच हट्टी आणि मानी. त्यांत प्रत्येक हंसण्यांत आपला उपमर्द पाहण्याची त्यांना संवय जडली. मित्रमंडळ गळत गेलें आणि उरलें तें काम.

या कामाचें स्वरूप १८४८ च्या अर्थशास्त्रावरील ग्रंथापासून स्पष्ट दिसूं लागतें. तर्कशास्त्रावरील १८४३ च्या ग्रंथांत तिचा भाग फारसा नाहीं, हें मिल्लच सांगतो, आणि म्हणूनच दुसऱ्या ठिकाणीं तो सांगतो तेंहि ऐकून घेणें भाग पडतें. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत मजूरवर्गाच्या भवितव्यावर एक प्रकरण आहे. मजुरांना अजाण लेंकरें समजून वरच्या वर्गानें त्यांचें पालकत्व करावें हा काळ गेला, ते आपलें हित आपण पाहतील, सहकारानें स्वतः कारखाने चालवितील, असें त्यांत प्रतिपादन आहे. या प्रकरणावांचून ग्रंथ अपुरा आहे, असें हॅरिएटनें सांगितलें आणि त्यांतील विचार व पुष्कळसे शब्दहि तिनें पुरविले, अशी मिल्लची कबुली आहे. ग्रंथ तिला अर्पण करण्याचें ठरलें तेव्हां टेलर प्रथमच अडून बसला. बायकोनें काय विचार करावा याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तिचें नांव परपुरुषाच्या पुस्तकाच्या आरंभीं छापून बाजारांत जावें हें त्याला खपलें नाहीं. अखेर भेट द्यावयाच्या थोड्या प्रतींतच तो अर्पणाचा कागद चिकटविण्यांत आला.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळीं ती फ्रान्सच्या दक्षिणेस होती. म्हणून १८४९ मधील पत्रें झालीं आणि आपल्याला त्या कारखान्यांत डोकावतां येतें. तिचीं त्याला लिहिलेलीं पत्रें थोडींच उरलीं, त्याचीं मात्र पुष्कळ आहेत. समाजसत्तावादाविरुद्ध त्यानें लिहिलेल्या मजकुरांतील वाक्यें ती खोडते. तो कळवळून लिहितो कीं, हें खोडलें तर आपल्या युक्तिवादाचा कणाच जाईल. एका वाक्याविषयीं तर, हें तुझ्याच सूचनेवरून आणि जवळजवळ तुझ्याच शब्दांत घातलें होतें, अशी नम्र आठवण देतो. पण बदल करतो. १८५२ च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत तें प्रकरण पुष्कळच बदललेलें आहे. येथें कोणी म्हणेल कीं, हा बायकी हट्टापुढें नमलेला पुरुष झाला. आम्हांस तसें वाटत नाहीं. १८४८ मध्यें फ्रान्समध्यें राज्यक्रांति होऊन गेली होती, कामगारांचा प्रश्न रस्त्यावर आला होता, आणि त्या वेळीं जुना आक्षेप तसाच ठेवणें बरोबर कीं नवी कल्पना तपासून पाहणें बरोबर, हा विचाराचाच प्रश्न होता. मिल्ल वाद घालतो, मग पटवून घेतो. मात्र पटवून घेण्याची त्याची घाई केव्हां केव्हां संशयास्पद वाटते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

त्याच वसंत ऋतूंत टेलर आजारी पडला. लवकर परत ये, असें त्यानें लिहिलें. पण मिल्लची प्रकृति बिघडली आहे, त्याला दिलेला शब्द मोडतां येत नाहीं, असें तिनें उत्तर धाडलें. हें उत्तर तिच्या कैवाऱ्यांनाहि सांवरून घेतां येण्यासारखें नाहीं. ती परतली तेव्हां रोग कर्काचा असल्याचें उघड झालें होतें. मग दोन महिने तिनें त्याची अशी शुश्रूषा केली कीं, तितक्या काळांत मिल्लचें अस्तित्वहि तिला नकोसें झाल्यासारखें दिसतें. १८४९ च्या जुलैंत टेलर वारला. आपल्या मिळकतीचें उत्पन्न त्यानें तिच्या हयातीपर्यंत तिलाच ठेविलें.

जवळजवळ दोन वर्षें थांबून २१ एप्रिल १८५१ रोजीं दोघांनीं नोंदणी पद्धतीनें लग्न केलें. साक्षीदार हॅरिएटचींच दोन मुलें, अल्जर्नन आणि हेलन. त्याच्या दीड महिना आधीं मिल्लनें एक कागद लिहून ठेवला. त्या वेळच्या इंग्लंडच्या कायद्यानें लग्न होतांच बायकोची मिळकत, कमाई आणि तिच्या देहावरील सत्ताहि नवऱ्याकडे जाई. विवाहित स्त्रीच्या मिळकतीचे कायदे १८७० व १८८२ मध्यें झाले. हे अधिकार अंगावेगळे करण्याची सोय कायद्यांत नाहीं, म्हणून मी त्यांचा निषेध नोंदवितों आणि त्यांचा उपयोग कधींहि करणार नाहीं असें वचन देतों, असा त्या कागदाचा मथितार्थ आहे. असा उदात्त दस्तऐवज लिहिणाऱ्या याच माणसानें नोंदणीच्या वहींत सही करतांना प्रथम संवयीनें आद्याक्षरें लिहिलीं आणि मग पूर्ण नांव कोंबून बसविलें. पुढच्या वर्षीं त्याला धास्ती पडली कीं, ती विचित्र सही पाहून कोणी लग्नच बेकायदा ठरवील. आपण पुन्हां एकदां लग्न लावूं या, असें त्यानें पत्नीला गंभीरपणें लिहिलें!

यापुढील प्रकरण सांगतांना मात्र हंसूं मावळतें. लग्नाची वार्ता दिल्यावर आई व बहिणी ताबडतोब हॅरिएटच्या भेटीस गेल्या नाहींत, एवढ्या कारणावरून मिल्लनें त्यांच्याशीं दावा धरला. आईला त्यानें धाडलेलीं पत्रें एखाद्या कचेरीनें तक्रारदाराला धाडावीं तशीं कोरडीं आहेत. क्षयानें खंगून माडीरा बेटावर राहिलेल्या धाकट्या भावाला, जॉर्जला, एका निरुपद्रवी पत्राबद्दल त्यानें जें उत्तर दिलें तें वाचवत नाहीं. जॉर्ज १८५३ त वारला, आई १८५४ त. छापील आत्मचरित्रांत आईचा उल्लेख नाहीं. पत्नीच्या अधिकारांसाठीं कायद्याशीं भांडणाऱ्या या महात्म्याला नऊ मुलांची ती कष्टाळू आई दिसलीच नाहीं. हॅरिएटनें आत्मचरित्राच्या पहिल्या खर्ड्यावर पेन्सिलीनें खुणा व दुरुस्त्या केल्या आहेत. पतीचा हा कठोरपणा निवविण्याचा यत्न तिनें केल्याचें मात्र दिसत नाहीं.

लग्नानंतर दोघें लंडनबाहेर ब्लॅकहीथला राहिलीं, आणि पाहुण्यांपुरतें दार बहुतेक बंदच झालें. दोघांनाहि क्षयानें ग्रासलें होतें. किती दिवस उरले याचा भरंवसा नाहीं. म्हणून काय काय लिहून ठेवावयाचें याची त्यांनीं यादी केली. ध्रुवप्रदेशांतले प्रवासी वाळविलेल्या मांसाच्या वड्या बरोबर नेतात, तशा विचारांच्या घट्ट वड्या करून ठेवाव्या आणि पुढच्यांनीं त्या पाणी घालून खाव्या, अशी मिल्लची त्या वेळच्या पत्रांतली कल्पना आहे. स्वातंत्र्यावरील निबंध ही त्यांतलीच एक वडी. प्रकृतीसाठीं एकटाच इटलींत फिरत असतां १८५५ च्या जानेवारींत रोम येथें त्याला वाटलें कीं, याचें स्वतंत्र पुस्तकच करावें. पुढें तीन वर्षें दोघांनीं तें सबंध पुनःपुन्हां वाचलें आणि वाक्यन् वाक्य तपासलें.

याच काळांत आपल्याकडे १८५७ चा उठाव झाला आणि कंपनीचें राज्य जाण्याची वेळ आली. कंपनीच्या बाजूनें पार्लमेंटला सादर केलेला अर्ज मिल्लनेंच लिहिला. दिवसा कंपनीचा कैवार, रात्रीं व्यक्तिस्वातंत्र्याचा! आणि त्या पुस्तकांत, हें तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाहीं, असें एक वाक्य आहे. त्यांच्या वांट्याला एखादा अकबर आला तर त्यांनीं भाग्य समजावें. आगरकरांसारख्यांनीं तें वाक्य बाजूला सारून बाकीचें पुस्तक आपलेंसें केलें, हा त्यांच्या बुद्धीचा मोठेपणा.

१८५८ मध्यें कंपनी बुडाली. नव्या इंडिया कौन्सिलांतील जागा नाकारून मिल्लनें पेन्शन घेतलें, आणि दोघें हंवापालटासाठीं दक्षिणेकडे निघालीं. वाटेंत आव्हिन्यों येथें हॅरिएट अंथरुणाला खिळली आणि ३ नोव्हेंबरला एका हॉटेलांतच तिनें प्राण सोडला. विवाहाला साडेसात वर्षें झालीं होतीं. मिल्लनें तिच्या थडग्याजवळ एक लहानसें घर विकत घेतलें आणि ज्या खोलींत ती वारली तींतलें सामान हॉटेलवाल्याकडून घेऊन तेथें मांडलें. पुढील आयुष्यांत वर्षाचे कित्येक महिने तो तेथें काढी. 'ऑन लिबर्टी' १८५९ च्या फेब्रुवारींत बाहेर पडलें. दोघांनीं मिळून शेवटचा हात फिरवावयाचा होता तो राहिला, म्हणून एकट्यानें त्यांत फेरफार करावयाचा नाहीं असें त्यानें ठरविलें.

आतां त्या वांटणीचा प्रश्न. ती नाकारली जाण्यास पहिला कारण मिल्ल स्वतःच झाला. आत्मचरित्रांत त्यानें तिच्या बुद्धीची अशी स्तुति केली आहे कीं, तिच्यापुढें शेली विचारांत मूल ठरतो. असें वाचल्यावर वाचक साक्षीदारावरचाच विश्वास गमावतो. त्याचा मित्र व चरित्रकार बेन यानें १८८२ मध्यें हा भ्रम असल्याचा निकाल देऊन टाकला. हॅरिएटनें स्वतःच्या नांवानें जवळजवळ कांहीं छापलें नाहीं. स्त्रियांच्या मताधिकारावरचा १८५१ चा तिचा प्रसिद्ध निबंधहि निनांवी होता. पत्रव्यवहार १९५१ मध्यें हायेक यानें प्रसिद्ध केल्यावर पारडें फिरलें, पण गंमत अशी कीं, पुष्कळ टीकाकारांची वांटणी आपल्या आवडीनुसारच झाली: ग्रंथांतील जें पटलें नाहीं तें हॅरिएटचें, जें पटलें तें मिल्लचें. अलीकडे, २०२२ मध्यें, वाक्यांच्या व शब्दांच्या लकबी मोजून लेखक ओळखण्याच्या संगणकी रीतीनें 'ऑन लिबर्टी'ची तपासणी झाली आणि त्यांतील कांहीं भाग एकट्या मिल्लच्या हातचा दिसत नाहीं, असें संशोधकांनीं मत दिलें.

आम्हांस मोजमापापेक्षां दुसरा एक पुरावा अधिक बोलका वाटतो. तो ती नसल्यावेळचा आहे. तिच्या पश्चात् १८६०-६१ मध्यें लिहून १८६९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या स्त्रीदास्यावरील ग्रंथांत, यांतील खोल तें सर्व पत्नीचें, असें मिल्ल म्हणतो. ग्रंथ मोठा आहे यांत शंका नाहीं. पण लग्न झालेल्या स्त्रीनें मिळवावें कीं नाहीं, या प्रश्नापाशीं येतांच तो थबकतो. नवऱ्यानें मिळवावें व बायकोनें घर पाहावें ही सामान्य विभागणीच त्याला बरी वाटते. हॅरिएटनें १८५१ मध्यें याच्या नेमकें उलट लिहिलें होतें. मिळवती बायको घरांत मोलकरणीच्या पायरीवरून भागीदाराच्या पायरीवर येते. सगळ्यांच्या मजुरीचे दर त्यानें थोडे उतरले तरी पत्करलें, असा तिचा स्पष्ट अभिप्राय होता. त्या पानावर खोडणारी पेन्सिल आतां नव्हती.

वरील ग्रंथ छापण्याआधींच १८६७ मध्यें, पार्लमेंटचा सभासद असतांना, मिल्लनें मताधिकाराच्या बिलांतील 'पुरुष' हा शब्द काढून त्या जागीं 'व्यक्ति' असा शब्द घालण्याची सूचना मांडली. ७३ मतें अनुकूल आणि १९६ प्रतिकूल पडलीं. १८७३ च्या मे महिन्यांत तो आव्हिन्योंलाच वारला आणि तिच्याच थडग्यांत त्याला ठेवण्यांत आलें. त्याचें आत्मचरित्र त्याच वर्षीं छापून निघालें, तें हॅरिएटच्या मुलीच्या, हेलनच्या, देखरेखीखालीं.